जुना ट्रॅक्टर सुरू का होत नाही?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणावळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणीसांनी मला पंधरा दिवसांपूर्वी विचारले की, आपण कोणत्या विषयावर बोलणार? मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. शिक्षण, वधूवर, वसतिगृह, व्यसनमुक्ती या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ आणि चांगले बोलले गेले आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कोणी बोललेले नाही. तथापि आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी मावळातील कितीतरी घरांच्या अंगणात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, क्वचित त्याहूनही जुना ट्रॅक्टर आजही उभा आहे. तो विकवत नाही, कारण तो वडिलांनी घेतलेला असतो. आणि टाकवत नाही, कारण आषाढात दोन दिवस का होईना, पण चिखलणीला तोच उपयोगी पडतो. नेमक्या त्या दोन दिवसांतच तो सुरू होत नाही. त्यावेळी घरात जे बोलणे होते ते मी ऐकलेले आहे, आणि दुर्दैवाने त्यातले बरेचसे स्वतः बोललेलोही आहे. म्हणून हा विषय.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. इंजिन विजेने सुरू करण्याची युक्ती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली आणि ती १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आली. तोपर्यंत लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. ज्या वृद्धांनी हँडल मारले आहे त्यांना आठवत असेल की, अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, दांड्याला वेढा घालू नये, असा दंडक होता. आपल्या देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९ साली फरिदाबादेस तयार झाला. चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६० पासून मॅसी फर्ग्युसन आणला, आणि १९६३ साली मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली. तिचा बी-२७५ मावळाच्या रस्त्यांवर आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आमच्या घरी तोच होता. पवन मावळात आमची तीन घरांची सामाईक शेती. ट्रॅक्टरही सामाईक, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे त्याचे भांडणही सामाईक.

आता विजेविषयी. लोणावळ्यात उभे राहून विजेविषयी बोलावयाचे तर दूर जावे लागत नाही. टाटांच्या जलविद्युत् योजनेचा पायाभरणी समारंभ १९११ साली येथेच झाला. लोणावळे, वळवण आणि शिरवटे येथील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीस नेले, आणि १९१५ साली त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. मावळचा पाऊस मुंबईत चाके फिरवू लागला आणि मावळच्या झोपड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणी होती, हा सल जुन्या माणसांच्या बोलण्यात असे. तो खोटाही नव्हता. परंतु आज मला त्या नळांचा उपयोग दृष्टान्तापुरता करावयाचा आहे. तलाव जितका उंच तितका पाण्याचा जोर. विजेत त्या जोराला व्होल्ट म्हणतात. नळातून सेकंदाला जितके पाणी वाहते त्याला अँपिअर म्हणावे. आणि नळात कोठे गाळ साचला, तोंड अरुंद झाले, तर वरचा तलाव तुडुंब असूनही खालचे चाक फिरत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण सगळे एकच चूक करतो: चाक फिरत नाही असे दिसले की तलाव रिकामा आहे असे ठरवतो, म्हणजे नवी बॅटरी आणतो. गाळ कोणी पाहत नाही.

घरातल्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. ट्रॅक्टरचा सेल्फ थंड डिझेल इंजिन फिरवताना दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. या आकड्यातच सगळे मर्म आहे. समजा, एखाद्या जोडावर एका ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा आहे. हेडलाइटच्या पाच-सहा अँपिअरला तो अडथळा जाणवतसुद्धा नाही. दिवे लख्ख लागतात. परंतु तीनशे अँपिअर तेथून जाऊ लागले की तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, आणि बारापैकी चौथा हिस्सा इंजिनापर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, तेव्हा वायरिंग ठीक आहे’ हे अनुमान साफ चुकीचे आहे. मी स्वतः हे अनुमान अनेकदा छातीठोकपणे केले आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे सांगणे कोरडे होईल.

साल १९९४. त्या वैशाखात घरी लग्न होते. वरातीत ट्रॅक्टर मिरवावयाचा म्हणून मी हौसेने तो रंगविण्यास घेतला. चिखल धुतला, गंज खरवडला, सेल्फ उतरवून साफ केला, बॅटरीची तारही सोडली, आणि सगळ्या अंगाला तांबडा रंग दिला. माझ्या हाताखाली आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा होता; तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा, बारीकसारीक पाहणारा. त्याने मधेच काही विचारले होते, आणि मी ‘तू डबा धर’ असे म्हणालो होतो. रंग वाळला, सगळे जागच्या जागी बसवले, वरात झाली. पुढे उन्हाळी नांगरटही झाली. कोणाला काही संशय येण्याचे कारण नव्हते.

आषाढीच्या रात्री गावात वीज नव्हती. मंदिरात भजनाला ध्वनिक्षेपक हवा म्हणून हा मुलगा ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन गेला आणि पहाटे परत आणून बसवली. दुसऱ्या दिवशी खाचरे भरलेली, आवण लावणीला आलेले, चार घरची माणसे इर्जिकीला आलेली, आणि ट्रॅक्टर म्हणाला, ‘टक’. पुन्हा बटण दाबले, ‘टक, टक, टक’. पुढे काही नाही.

घरात निकाल तत्काळ लागला. मुलाने भजनासाठी बॅटरी संपवली. चुलते बोलले, त्यांच्यापेक्षा मी जास्त बोललो. तो म्हणत होता की काका, चार तासांत बॅटरी एवढी उतरत नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. आता आपण हिशेब करू, जो मी त्या दिवशी केला नाही. आमची बॅटरी अठ्ठ्याऐंशी अँपिअर-तासांची. भजनाचा लहान ध्वनिक्षेपक फार तर तीन अँपिअर खातो. चार तासांचे बारा झाले. म्हणजे अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या पुंजीतून मुलाने बारा रुपये खर्च केले आणि आम्ही त्याला घर बुडवले म्हणालो. रात्रभर दोन्ही हेडलाइट लावून ठेवले असते तर गोष्ट वेगळी. सहा अँपिअरने दहा तासांत साठ जातात. उलट, इंजिन एकदा सुरू करण्यास जे तीनशे अँपिअर लागतात ते केवळ चार-पाच सेकंद लागतात. त्याचा हिशेब अर्ध्या अँपिअर-तासाच्याही आत येतो आणि डायनामो तो खर्च काही मिनिटांत भरून काढतो. हे साधे त्रैराशिक आहे. सातवीच्या मुलाला येते.

कामशेतहून नवी बॅटरी आणली. त्या काळी ती रक्कम आम्हाला लहान नव्हती. एका घराने दिली आणि बाकीच्या दोघांनी नंतर द्यावी असे ठरले, आणि ते ‘नंतर’ पुढे पुष्कळ काळ बोलण्यात राहिले. नवी बॅटरी बसवताच ट्रॅक्टर सुरू झाला. मुलाचा गुन्हा सिद्ध झाला! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘टक’. असे का झाले ते आज मला ठाऊक आहे. बॅटरी बदलताना तारा ओढल्या जातात, हलतात, आणि खराब जोड तेवढ्यापुरता धरतो. नव्या बॅटरीला यश मिळते आणि रोग तेथेच राहतो. मंडळी, आपल्या तालुक्यात दरसाल किती चांगल्या बॅटऱ्या या एका कारणाने भंगारात जात असतील, याचा विचार करावा.

त्या सकाळी मी जे केले ते कोणी करू नये म्हणून सांगतो. माझा ग्रह झाला की बटण बिघडले आहे. खाली उतरून, मागच्या चाकाच्या पुढे उभा राहून, मी सेल्फच्या दोन जाड टर्मिनलांवर मोठा स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरला. ही युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे आणि ठाऊक नसती तर बरे झाले असते. दोनदा नुसती ठिणगी उडाली. धाकटे बंधू वैतागून बॅटरीच्या पेटीवर पान्ह्याने ठोकू लागले, आणि तिसऱ्या वेळी सेल्फ एकदम जोरात फिरला, इंजिन पेटले. गाडी उतारावर लावलेली असल्यामुळे रात्रीपासून गिअरमध्ये होती. ती चालू लागली. माझा डावा पाय चाकाखाली गेला. लोखंडी चाके अद्याप चढविली नव्हती आणि खाली हातभर चिखल होता, म्हणून पाय वाचला. दोन बोटे गेली. बंधूंनी उडी मारून इंजिन बंद केले तेव्हा गाडी बांधाला टेकली होती, आणि त्या बांधावर घटकेपूर्वी आवणाच्या मुठी घेऊन बायका बसल्या होत्या.

या युक्तीने जगभर माणसे मेली आहेत. चालकाच्या आसनावर बसूनच, गिअर न्यूट्रलला आणि क्लच दाबून, इंजिन सुरू करावे. १९४६ साली इंग्लंडात निघालेल्या करड्या रंगाच्या छोट्या फर्ग्युसनमध्ये सेल्फचा खटका गिअरच्या दांड्यातच बसवलेला होता. दांडा ‘एस’ या खुणेवर नेल्याशिवाय इंजिन फिरतच नसे, आणि दांडा तेथे असताना गाडी गिअरमध्ये असणे शक्य नसे. ज्याने ती रचना योजली त्याने शेतकऱ्याचा उतावळा स्वभाव पुरता ओळखला होता. कित्येक ट्रॅक्टरांना क्लचजवळ वा गिअरजवळ तशाच हेतूचा स्वीच असतो. तो बिघडला की मिस्त्री त्याच्या दोन तारा एकत्र पिळून टाकतो आणि ‘झाले काम’ म्हणतो. तसे करू देऊ नये. स्वीच नवा बसवावा.

मी खाटेवर होतो तेव्हा भेटीला आमच्या मावसभावाचे सासरे आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. येथल्या आय. एन. एस. शिवाजीत, जी १९४५ पासून नौदलाच्या यंत्रज्ञांची शाळा आहे, त्यांचे शिक्षण झाले होते आणि उभी हयात जहाजांच्या यंत्रघरात गेली होती. त्यांनी पायाची चौकशी केली आणि मग शांतपणे विचारले, “ती सुरू झाली त्या क्षणी नेमके काय घडले, तेवढे सांगा.” मी सांगितले की स्क्रू-ड्रायव्हर धरला. “ते दोनदा आधीही धरले होते ना? तिसऱ्या वेळी निराळे काय झाले?” तेव्हा पान्ह्याचा ठोका निघाला. तात्या म्हणाले, “ठोक्याने जे बरे होते ते बॅटरीचे दुखणे नव्हे. जोडाचे आहे.”

दुसऱ्या दिवशी ते काट्याचे मीटर घेऊन आले. त्यांनी जे केले ते मी खाटेवरून पाहिले, आणि तीच रीत आज आपणांस सांगावयाची आहे. आता अंकांचे मीटर कोणत्याही विजेच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्या घरात ते असावे.

प्रथम त्यांनी काहीही न चालविता बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर धरले. पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. बारा आणि दोन दशांश असेल तर ती निम्मी उतरली, आणि बाराच्या खाली गेली तर रिकामीच समजावी. आमची भरलेली होती. मग बंधूंना गाडी न्यूट्रलला घेऊन बटण दाबावयास सांगितले आणि मीटर तेथेच ठेवले. बॅटरी दुबळी असेल तर या वेळी काटा नवाच्या आसपास कोसळतो. आमचा काटा बाराच्या जवळच राहिला. येथेच बॅटरी निर्दोष सुटली. जिच्याकडून कोणी काही घेतच नाही ती थकेल कशाने?

मग त्यांनी मीटरची एक टोकणी बॅटरीच्या गाडीच्या अंगाला जोडलेल्या खुंटीवर धरली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. येथे एक बारकावा आहे. टोकणी खुंटीच्या शिशावर धरावी, तिला आवळलेल्या लगवर नव्हे, कारण बिघाड कित्येकदा खुंटी आणि लग यांच्यामध्येच असतो. बटण दाबले. जी पट्टी केवळ एक जाड तांब्याची वीण, जिच्यावर पाव व्होल्ट पडला तरी पुष्कळ, तिच्यावर काटा सातपर्यंत चढला. बारापैकी सात व्होल्ट त्या एका जोडावर जळत होते. सेल्फला उरले पाच. तेवढ्याने सोलेनॉइड ओढला जाई, ‘टक’ होई, आणि भार पडताच सुटे.

पट्टीचा बोल्ट काढला. खाली माझा तांबडा रंग होता.

जाड, गुळगुळीत, दोन हातांचा. वैशाखात मी लोखंड रंगवून त्यावर पट्टी आवळली होती. दोन महिने वीज बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वाट काढीत राहिली. पाऊस पडला, चिखल शिरला, आटे गंजले, आणि वाट बंद झाली. तात्यांनी कानशीने लोखंड पांढरे केले, लग घासला, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावले. लक्षात ठेवावे, ग्रीस वा व्हॅसलिन आवळल्यानंतर वरून लावावयाचे असते. बटण दाबले आणि मीटरचा काटा जेमतेम हलला. ट्रॅक्टर सुरू झाला. अंगणात कोणी काही बोलले नाही.

मुलगा तेव्हा घरी नव्हता. तो चार दिवसांपूर्वीच पिंपरीस एका ओळखीच्या कारखान्यात निघून गेला होता.

ही गोष्ट थोडी बाजूस ठेवून, उरलेली लक्षणे सांगतो. वेळ थोडा आहे. बटण दाबल्यावर काय होते ते दिवे लावून पाहावे. दिवे एकदम विझले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या जाड तारांचा जोड सैल आहे. दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत आणि आवाजही नाही, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. बटण, न्यूट्रलचा स्वीच, सोलेनॉइडला जाणारी बारीक तार पाहावी. उंदीर ही तार आवडीने खातात. ट्रॅक्टर पेंढ्याच्या गंजीशेजारी ठेवणाऱ्यांना मी आणखी काय सांगावे! दिवे बऱ्यापैकी मंदावले आणि सेल्फ जड गुरासारखा हुंदका देऊन थांबला, तर तो आतून अडतो आहे: बुश झिजून आर्मेचर घासते किंवा कार्बन ब्रश संपले आहेत. सेल्फ नुसताच भिरभिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचे दाते दात्यांत शिरत नाहीत. तेथे बहुधा वाळलेला चिखल आणि जुने तेल असते. आणि इंजिन झपाट्याने फिरते पण पेटत नाही, तर विजेला दोष देऊ नये. डिझेलमध्ये हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल, अथवा पौषातल्या थंडीत हीटर तापला नसेल. तेव्हा सेल्फ दाबून धरणे म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जाळणे. दहा सेकंद फिरवावा, मिनिटभर थांबावे.

आपल्या मावळाची एक अडचण निराळी आहे. देशावरचा ट्रॅक्टर बारमाही राबतो. आपला ट्रॅक्टर नांगरटीला आणि चिखलणीला राबतो आणि मग भात निघेपर्यंत उभा असतो, तोही अशा हवेत की लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वडगाव-तळेगावकडे त्याच्या निम्माही नाही, पण ओल ती ओलच. उभी बॅटरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या शिशाच्या पत्र्यांवर गंधकाचे पांढरे कठीण क्षार धरतात. ते पुढे चार्जिंगनेही सुटत नाहीत. बॅटरी वापराने मरते त्याहून अधिक बसून मरते. म्हणून लावणी संपली की ती उतरवावी, खुंट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्या, डिस्टिल्ड वॉटर पत्र्यांच्या वर येईल इतके घालावे, आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. नळाचे वा विहिरीचे पाणी घालू नये. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की जमीन वीज पिते, अशी समजूत आहे. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला ती लागू नाही. फळीवर ठेवावयाची असेल तर ठेवावी, हरकत नाही.

ज्यांच्या गाडीला जुना डायनामो आहे त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: इंजिन मंद चालत असेल तेव्हा डायनामो काहीच देत नाही. तासभर मंद गतीने उभी ठेवून बॅटरी भरेल ही आशा व्यर्थ आहे. तसेच इंग्लंडातून आलेल्या फर्ग्युसनसारख्या कित्येक जुन्या गाड्यांत अधिक खुंटी अंगाला जोडलेली असते, आजच्या रीतीच्या नेमकी उलट. अशा गाडीला दुसऱ्या गाडीची बॅटरी लावताना खुणा पाहूनच लावावी, आणि ट्रकची चोवीस व्होल्टची तर कधीच लावू नये.

भगिनींसाठी आणि मुलांसाठी दोन गोष्टी. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पाणी किती आहे ते पाहण्यास काडी पेटवून वाकलेल्या माणसाच्या तोंडावर बॅटरी फुटते; आत तेजाब असते. आणि बॅटरीजवळ काम करताना हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पान्हा आणि अंगठी यांच्यातून तीनशे अँपिअर गेले तर सोने क्षणात लाल होते आणि बोट आत असते. तारा सोडताना अंगाला जोडलेली तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पान्हा चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

हे सगळे काम मिस्त्रीचे आहे, आपले नव्हे, असे काहींना वाटेल. मिस्त्रीला मान द्यावा आणि पैसेही द्यावे; पण चिखलणीच्या दिवशी मिस्त्री साऱ्या मावळाला एकच असतो. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेली इंद्रायणी आता घरोघर आहे. तिचे आवणही मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाही. तीन आठवड्यांचे रोप पाच आठवड्यांचे झाले की फुटवे कमी येतात, हे मी आपणांस सांगावे असे नाही.

आता राहिलेली गोष्ट. पाय टेकता येऊ लागल्यावर मी काठी घेऊन पिंपरीस गेलो. बंधू म्हणाले, पत्र टाक. चुलते म्हणाले, तो सणाला येईल तेव्हा बोलू. परंतु जे अंगणात चार घरांसमक्ष बोललो होतो ते पत्राने परत घेता येईल असे मला वाटले नाही. कारखान्याच्या दारात तो भेटला. त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिले. मी त्याला सगळे सांगितले: मीटर, सात व्होल्ट, पट्टीखालचा रंग, आणि तो रंग माझा होता हेही. भजनाच्या बारा अँपिअर-तासांचा हिशेबही मी वाटेत मनाशी केला होता, तोही सांगितला. तो ऐकत होता. मग म्हणाला, “काका, तुम्ही रंगवत होतात तेव्हा मी तेच विचारलं होतं, की पट्टीखाली रंग द्यायचा का.”

मी म्हणालो, “होय. आणि मी तुला डबा धरायला सांगितलं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग एकदम त्याने विचारले, “सेल्फ जिथे इंजिनाला बसतो तिथेही तुम्ही रंग दिला होता. ते बघितलंत का?”

ते कोणी पाहिले नव्हते. तात्यांनी मीटर बॅटरीपासून इंजिनापर्यंत धरले होते. सेल्फचे अंग आणि इंजिन यांच्यामधला जोड त्या मापात येतच नाही. पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर घरी आला. सेल्फच्या अंगावर एक टोकणी, इंजिनावर दुसरी, आणि बटण दाबले, तर काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला. त्याने सेल्फ उतरवला, बुडाचा रंग खरवडून काढला, आणि मी शेजारी बसून डबा धरला.